दहा नंबरचा पाहुणा

प्रफुल्ल धुरींच्या पायाचा नंबर सहा. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण भोईवाड्यातल्या त्यांच्या चाळीत पुढे जो गोंधळ झाला त्याच्या मुळाशी हा सहा नंबर आहे. धुरींचा पाय जरा ऐसपैस असता तर ही गोष्ट घडलीच नसती, आणि तिसऱ्या मजल्यावरचं एक चांगलं पितळी कुलूप वाचलं असतं.

धुरी विमा कंपनीतून निवृत्त झाले, पाठोपाठ पत्नी सुमेधाताई गेल्या आणि खोलीत उरले एकटे धुरी. मुलगी आरोही बंगळुरूला. ती दर रविवारी सकाळी न चुकता फोन करायची. "बाबा, काय विशेष?" धुरी म्हणायचे, "काही नाही." मग ती म्हणायची, "अहो, काहीतरी छंद लावून घ्या ना!" तेवढ्यात मागून कोणाच्या तरी हसण्याचे आवाज यायचे, आणि ती घाईघाईने म्हणायची, "बाबा, पाहुणे आलेत, ठेवते हं." बंगळुरूत इतके पाहुणे कुठून येतात याचं धुरींना नवल वाटायचं. फोन ठेवला की त्यांचं दिवसभराचं बोलणं संपलेलं असायचं आणि चहासुद्धा अजून गरम असायचा.

मुलीच्या शब्दाखातर धुरी हास्यक्लबात जाऊन आले. पण हसायला काहीतरी कारण लागतं अशा जुन्या मताचे असल्यामुळे त्यांचं तिथे जमलं नाही. मग त्यांनी गॅलरीत कुंड्या ठेवल्या, तर चाळ कमिटीने रहदारीला अडथळा म्हणून त्या उचलायला लावल्या. शेवटी फोनवरच्या चित्रफितींवर बोट फिरवता फिरवता त्यांना एक माणूस सापडला. म्हणजे माणूस कसला, नुसते दोन हात. चेहरा कधी दिसायचाच नाही. हे हात एक जुनापुराणा, मरायला टेकलेला कातडी बूट घ्यायचे, त्याला साबण लावायचे, तेल पाजायचे, उसवलेलं शिवायचे, आणि अर्ध्या तासात त्याला पुन्हा उभा करायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. धुरींना हा माणूस फार आवडला. फोन भिंतीला टेकवून ठेवला की घरात कोणीतरी आपलं काम करत बसलंय असं वाटायचं.

पाहता पाहता धुरी बूटशास्त्रात पारंगत झाले. टाच रबराची की कातड्याच्या चकत्यांची, तळव्याची शिलाई एकेरी की दुहेरी, बुटाच्या नाकाच्या आत लोखंड आहे की नुसताच पुठ्ठा, यावरून बुटाचं वय आणि खानदान ओळखता येतं हे त्यांना समजलं. एवढं ज्ञान पोटात ठेवून माणूस स्वस्थ कसा बसणार? एका शुक्रवारी धुरी दोन टाकीच्या जुन्या बाजारात गेले आणि एका कामगारी बुटाच्या जोडापाशी उकिडवे बसले. तपकिरी, घोट्याच्या वर येणारे, वीटभर वजनाचे बूट. धुरींनी ते वाकवले, नखाने खरवडले, शेवटी नाकाला लावून खोल श्वास घेतला. हे पाहून शेजारचा पंखेवाला आपला माल जरा लांब सरकवून बसला.

"जहाज का माल है, साब. ऐसा चमडा आजकल बनताइच नहीं," विकणारा म्हणाला. मग त्याने धुरींच्या पायांकडे पाहिलं. "दस नंबर है. पहनना किसको है?"

"पहनने का नहीं है," धुरी गंभीरपणे म्हणाले, "संभालने का है."

असं बोलणारं गिऱ्हाईक रोज मिळत नाही, म्हणून त्याने भाव थोडा वाढवला आणि धुरींनीही तो मानाने दिला.

त्या हातांकडे घोड्याच्या खोगिराला लावायचा खास साबण होता. भोईवाड्यात घोडे फक्त वरातीत दिसतात, त्यामुळे धुरींनी घरातला चंदनाचा साबण वापरला. पन्नास वर्षांचा घाम आणि चंदन यांचा मिळून जो वास तयार झाला त्यात झोपणं माणसाला शक्य नव्हतं. वाऱ्यावर जरा सुकतील म्हणून धुरींनी बूट दाराबाहेर ठेवले आणि निर्धास्त झोपले.

आता चाळीत राहिलेल्याला हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. चाळीत दाराबाहेरच्या चपला म्हणजे उघडं रजिस्टर. कोण घरात आहे, कोण बाहेर गेलंय, कोणाच्या मुलीला बघायला किती माणसं आलीत, हे आत डोकवायची गरज न पडता चपलांवरून समजतं. धुरींच्या दाराशी एकेकाळी दोन जोड असायचे. आता कित्येक दिवस एकच होता, सहा नंबरचा, आणि त्याच्याकडे जाता-येता कोणी पाहतही नसे.

सकाळी दारावर थाप पडली. शेजारच्या शेवंतीकाकू ताट घेऊन उभ्या. दोन्ही मुलगे नालासोपाऱ्याला, आणि चाळीचं रिडेव्हलपमेंट होईपर्यंत खोली राखायला काकू इथे एकट्या. ताटात घावणे होते, वाटीत नारळाचा रस होता.

"कोण इलो रे प्रफुल्ला? रात्री इलो वाटता. सांगूचा नाय? घे, दोघांपुरते हत."

धुरींनी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे बूट का घेतले ते सांगायचं, पायात येत नाहीत तरी का घेतले ते सांगायचं, मग ते दोन हात, मग मुलीचा उपदेश, आणि हे सगळं झाल्यावर शेवटी म्हणायचं, "कोणी नाही आलं, काकू." हे शेवटचं वाक्य त्यांना बोलायचं नव्हतं. शिवाय ताटातले अर्धे घावणे परत गेले असते.

"झोपलाय," धुरी म्हणाले.

"कोण तो?"

"मनू. ऑफिसातला."

ऑफिसात मनू नावाचं कोणीही नव्हतं. धुरींनी दार लावलं आणि दोघांचे घावणे एकट्याने खाल्ले.

खोटं बोलणं सोपं असतं, त्याची उस्तवार कठीण. बूट बाहेर म्हणजे मनू आत. बरं, आत असलेला माणूस दिवसभरात कधीच बाहेर दिसत नाही हे कसं? तेव्हा मनूला परळच्या टॉवरमध्ये रात्रपाळी लागली. रोज संध्याकाळी गॅलरीत कोणी नाही असं पाहून धुरी बूट आत ओढून पलंगाखाली सारायचे, म्हणजे मनू कामावर गेला. पहाटे पुन्हा बाहेर ठेवायचे, म्हणजे मनू आला. दिवसा भाजीला जायचं तर दार नुसतं ओढून घ्यायचं, कारण आत माणूस झोपलेला असताना बाहेरून कुलूप घालतं का कोणी? उभ्या नोकरीत धुरींनी इतक्या वक्तशीरपणे कुठलंच काम केलं नव्हतं.

मनू दिसत नव्हता, तेव्हा चाळीने त्याला बुटांवरून ओळखायला घेतलं. टोकाच्या खोलीतल्या दगडूतात्यांनी जन्म गिरणीत बॉयलरवर काढलेला. त्यांनी काठीने बुटाच्या नाकावर ठोकून पाहिलं. टण् असा आवाज आला.

"बघ, लोखंड! हा बॉयलरवरचा माणूस, लिहून ठेव. पायावर कोळसा पडला तरी बोट शाबूत. एरंडेल लाव म्हणावं त्याला. आम्ही एरंडेलच लावायचो."

"सांगतो त्याला," धुरी म्हणाले, आणि दार लावून त्यांनी स्वतःला सांगितलं. एरंडेलाने बूट काळवंडले. काकूंच्या मते एरंडेल थंड, खोबरेल बरं. खोबरेल लावलं तर उंदराने एक नाडी खाल्ली आणि बुटाच्या जिभेची कड कुरतडली. तेल जिरावं म्हणून धुरींनी बूट गच्चीत उन्हात ठेवले, तर ते पापडासारखे कडक झाले. त्या रात्री त्या दोन हातांनी एका चित्रफितीत बुटाला ऊन अजिबात दाखवू नये असं हातवाऱ्यांनी सांगितलं, पण वेळ निघून गेली होती.

तरी धुरी हटले नाहीत. रोज पहाटे बूट बाहेर ठेवायच्या आधी चहा घेत ते त्यांना बोटांनी चोळत बसायचे. चोळता चोळता त्यांच्या लक्षात आलं की डाव्या बुटाची टाच बाहेरून जास्त झिजली आहे. म्हणजे ज्याचे हे बूट होते तो डाव्या पायावर जोर देऊन चालायचा. पुढे आडव्या खोल सुरकुत्या होत्या, म्हणजे तो पुष्कळ वेळा गुडघ्यावर बसून काम करायचा. उंच असणार. कमी बोलणारा असणार. धुरींना तो दिसायला लागला. मग चहा एका कपाऐवजी दोन कप होऊ लागला, कारण एक कप चहासाठी गॅस पेटवायचा कंटाळा येतो असं धुरींचं म्हणणं. दुसरी गादी खाली घातली, कारण दुपारी कोणी आत डोकावलंच तर बरं दिसावं असंही त्यांचं म्हणणं. आणि दुपारी जेवताना ते मनूशी चार शब्द बोलायचे, त्या बोलण्याबद्दल मात्र त्यांचं कसलंच म्हणणं नव्हतं. बरं वाटायचं, एवढंच.

अशात चाळ कमिटीचा सेक्रेटरी वैभव उगवला. तरुण, तडफदार, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. बिल्डरचा सर्व्हे तोंडावर आलेला आणि खोलीखोलीत खरे रहिवासी कोण याची मोजदाद चाललेली, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर कोणी अनोळखी येऊन झोपतो हे कमिटीला पचणारं नव्हतं.

"काका, मॅटर सेन्सिटिव्ह आहे. पोटभाडेकरू नाही ना ठेवलात?"

"छे! पाहुणा आहे."

"मग पाहुण्यांच्या आधारकार्डाची झेरॉक्स द्या. रविवारी संध्याकाळी मीटिंग आहे."

"तो झोपलाय."

"झोपेतच द्या ना, काका. फक्त झेरॉक्स पाहिजे. आडनाव काय त्यांचं?"

"विचारून सांगतो," धुरी म्हणाले. ज्याला गादी घालून दिली त्याचं आडनाव विचारून सांगणारा हा यजमान पाहून वैभवचा संशय दुणावला. त्याने बुटांचा फोटो काढला, फोनवर कुठेकुठे शोधला आणि संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्याने परत आला.

"काका, हे अमेरिकन बूट आहेत. तिकडे जंगलात लाकूडतोडे घालतात. तुमचा मनू फॉरेनर आहे का? फॉरेनर असेल तर पोलिसात कळवावं लागतं. फोटो, पासपोर्ट, व्हिसा, सगळं."

झालं! दोन टाकीहून आणलेला बूट बघता बघता परदेशी नागरिक होऊन बसला. धुरींपुढे आता दोनच वाटा होत्या. एक म्हणजे कुठून तरी उंच, डाव्या पायावर जोर देणारा, दहा नंबरचा माणूस आणून उभा करायचा. दुसरी म्हणजे भरल्या मीटिंगमध्ये उठून सांगायचं की माझ्याकडे कोणी आलेलं नाही, येत नाही, मी एकटाच दोन कप चहा पितो. पहिली वाट त्यांना त्यातल्या त्यात सोपी वाटत होती.

शनिवारी सकाळी विचारांना जरा विसावा म्हणून धुरी हिंदमाताला मऊ कापड आणायला निघाले. ते दोन हात शेवटचा हात फिरवताना मऊ सुती कापड वापरायचे. जायचंच होतं तर सरळ जायचं, पण डोक्यात आधारकार्ड. फोन खोलीत राहिला, बूट बाहेर राहिले, आणि हाताने इतक्या वर्षांच्या सवयीने दाराला कुलूप घातलं.

हिंदमाताच्या दुकानदाराने मलमल फाडता फाडता कौतुकाने विचारलं, "नातू झाला वाटतं? झबल्यांना हीच नेतात."

"नाही, बुटासाठी पाहिजे," धुरी म्हणाले. दुकानदाराने घाईघाईने घडी कागदात गुंडाळली.

धुरी चाळीच्या जिन्याशी आले तर वरून कालवा ऐकू येत होता. तिसऱ्या मजल्याची गॅलरी माणसांनी भरली होती. धुरी टाचा उंच करून मागून पाहू लागले, पण सहा नंबरच्या माणसाच्या टाचा किती उंचावणार? पुढे खालच्या मजल्यावरचा एकजण उभा होता, त्याला त्यांनी विचारलं, "काय झालं हो?"

मागे न वळता तो म्हणाला, "धुरींकडचा पाहुणा गेला वाटतं. आतल्या आत."

 धुरींच्या हातातली मलमल खाली पडली. क्षणभर, अगदी क्षणभरच, पण त्यांना खरोखर वाटलं की मनू गेला, आणि आपण नेमके घरी नव्हतो. सुमेधाताईंच्या वेळीही ते औषधं आणायला खाली गेले होते.

मग त्यांना आठवलं की मनू मुळात नव्हताच, आणि आता ते सगळ्या चाळीला समजणार होतं.

घडलं होतं ते असं. शेवंतीकाकूंनी दुपारच्या जेवणाआधी सोलकढीची दोन भांडी आणली, तर बाहेर बूट आणि दाराला कुलूप. "ह्या मेल्यान पावण्याक कोंडून घातल्यान!" म्हणून त्यांनी दार वाजवलं. आतून हूं नाही की चूं नाही. दगडूतात्यांनी काठी आपटली. वैभवने धुरींना फोन लावला, तर तो आतच वाजत राहिला आणि कोणी उचलेना. आत माणूस आहे, फोन वाजतोय, आणि तो उचलत नाही! यावर चाळीचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. काकूंचा वरवंटा आला आणि वैभवने पितळी कुलूप फोडलं.

"अरे, धुरी आले, धुरी आले," कोणीतरी म्हणालं आणि गर्दी बाजूला झाली.

वैभव पलंगाखालून निघत होता. तात्या काठीने माळ्यावरची गाठोडी ढोसून पाहत होते. काकू मधोमध उभ्या होत्या. खोलीत खाली गादी होती, तिच्यावर सुमेधाताईंच्या हातची गोधडी नीट घडी करून ठेवलेली. टेबलावर दोन कप होते. एक रिकामा. दुसरा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेला.

"काका," वैभव म्हणाला, "आत कोणीच नाही."

गॅलरीतली सगळी माणसं धुरींकडे वळली.  धुरींनी काहीतरी जुळवायचा प्रयत्न केला. खिडकीतून गेला म्हणावं, तर खिडकीला गज. त्यांनी कपाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, आणि मग आपल्या पायांकडे पाहत उभे राहिले.  इतकी वर्षं कोणाकडे वाटीभर साखर न मागता काढलेल्या माणसाच्या एकटेपणाची झडती अशी भर दुपारी, माळ्यापर्यंत काठी घालून झाली होती.

शेवंतीकाकूंनी साय धरलेला कप उचलला. त्यात एकदा पाहिलं. मग मोरीत नेऊन तो ओतला, विसळला आणि पालथा घातला. पदराला हात पुसत त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"पावणो गेलो काय रे?"

धुरींनी मान वर केली. "हो," ते कसेबसे म्हणाले, "सकाळीच."

"आणि बूट?"

धुरी दाराबाहेरच्या बुटांकडे वळले.

"इसारलो आसतलो," काकूंनीच सांगून टाकलं. "नेऊक येतलो परत. त्यात काय एवढा बघतास? चला, जेवणां करा आपापली."

दगडूतात्यांनी काठी माळ्यावरून काढली. "बॉयलरवाले विसराळूच," ते म्हणाले आणि कोणाकडे न पाहता निघाले. वैभव दाराशी घुटमळला. फुटलेलं कुलूप हातात तोलत म्हणाला, "काका, मी नवीन आणून देतो. आणि ते झेरॉक्सचं... पाहुणे गेले ना, मग विषय क्लोज." तोही गेला. एकेक करून दाराबाहेरच्या चपला कमी होत गेल्या आणि शेवटी पुन्हा फक्त बूट राहिले.

त्या दिवशी धुरींनी बूट आत घेतले नाहीत. मलमलही कोणीतरी उचलून दाराच्या कडीला अडकवून गेलं होतं, ती तिथेच राहिली.

रविवारी सकाळी दारावर थाप पडली नाही, कारण वरवंट्याच्या घावांनी वाकलेली कडी नीट लागतच नव्हती. शेवंतीकाकू ते ढकलून आत आल्या. हातात तेच ताट, दोघांपुरते घावणे. धुरी खजील होऊन म्हणाले, "काकू, आता कशाला इतके? मनू तर..."

"ठाऊक आसा माका," काकू म्हणाल्या. "त्याच्या वाटणीचे मी खातंय. माका तरी घरात कोण आसा?"

त्यांनी चपला काढल्या होत्या त्या नेमक्या त्या बुटांना लागून, भिंतीच्या बाजूला, जिथे पूर्वी दुसरा जोड असायचा. गुडघ्यावर हात ठेवत त्या खालच्या गादीवर टेकल्या आणि चहा टाकायला सांगून मोकळ्या झाल्या. घावणे खाता खाता त्यांनी बुटांना खोबरेलच बरं, एरंडेल कसं वाईट, आणि दगडूला मुळातच काही समजत कसं नाही, हे सविस्तर सांगायला घेतलं.

तेवढ्यात फोन वाजला. आरोही.

"बाबा, काय विशेष?"

दारातून बाहेरच्या चपला दिसत होत्या. काकू रसात घावन बुडवत हसत काहीतरी म्हणाल्या, ते फोनमध्ये गेलं असावं.

"कोण आहे, बाबा? कोणाचा आवाज?"

"पाहुणे आलेत गं," धुरी म्हणाले. "ठेवतो हं."